ख्रिस्त हे आडनाव नव्हे

सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "येशूंचे आडनाव ख्रिस्त होते का?" वर्ग हसला. आम्ही हसलो नाही; हाच समज आम्ही मोठ्यांकडूनही ऐकला आहे.

'ख्रिस्त' ही पदवी आहे. हिब्रूतला 'माशियाख', ग्रीकमधला 'ख्रिस्तोस'. अर्थ एकच, अभिषिक्त, म्हणजे डोक्यावर तेल ओतून नेमलेला. तालूत आणि हजरत दाऊद (अ.) यांची राजा म्हणून नेमणूक अशीच झाली, असे बायबल सांगते. यशया ग्रंथात तर इराणचा बादशहा कोरेश यालाही 'अभिषिक्त' म्हटले आहे! म्हणजे मूळ शब्दात ईश्वरत्व नव्हते. ख्रिस्ती धर्मशास्त्राने त्यात पैगंबर, याजक आणि राजा हे तिन्ही मान एकत्र पाहिले, शिवाय क्रुसावर प्राण देऊन तारणारा. इथे आपली वाट वेगळी होते.

शब्द मात्र आपलाही आहे. कुरआनात हजरत ईसा (अ.) यांच्यासाठी 'अल-मसीह' 11 वेळा आले आहे. काही अरबी कोशकार त्याचा संबंध 'मसह'शी जोडतात. वुजू करताना डोक्यावरून ओला हात फिरवतो, तोच मसह. ते आजाऱ्यावर हात फिरवीत आणि तो बरा होई, म्हणून मसीह.

आम्ही वर्गात मसह करून दाखवला. तेवढ्यात मागच्या बाकावरची ख्रिस्ती मुलगी म्हणाली, "आमच्यात बाप्तिस्म्याला बाळाच्या डोक्याला तेल लावतात, ते यामुळेच का?"

"यामुळेच," आम्ही म्हणालो.