बांधाआडचा गांजा आणि गावाचे कर्तव्य

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल व रावेर हे चार तालुके ओळीने वसलेले आहेत. पैकी शिरपूर धुळे जिल्ह्यात व उरलेले तीन जळगाव जिल्ह्यात मोडतात. नदीकाठची काळी कसदार जमीन केळी व कापूस यांसाठी ख्यातकीर्त आहे. परंतु डोंगराकडे चढत गेले म्हणजे जमीन हलकी व उताराची होते, वस्त्या विरळ होतात आणि थोड्याच अंतरावर मध्य प्रदेशाची हद्द लागते. याच पट्ट्यात कापूस, तूर व मका यांच्या आड चोरून केलेली गांजाची लागवड गेल्या काही वर्षांत वारंवार उघडकीस आली आहे. शिरपूर तालुक्यातील लाकड्या हनुमान परिसरात, तसेच चोपडा तालुक्यात पोलिसांनी शेतात जाऊन उभी झाडे उपटली व नष्ट केली.

अशा कारवाईची वार्ता गावोगाव पसरते, चार दिवस चर्चा होते आणि पुढल्या खरिपात तोच प्रकार दुसऱ्या शिवारात आढळतो. याचे एक कारण उघड आहे. पोलीस पोचतात तेव्हा पीक बहुधा पुरुषभर उंच झालेले असते. गावाला मात्र ते त्यापूर्वी कितीतरी आधी दिसलेले असते. म्हणून या बाबतीत कायद्याने गावावर कोणती जबाबदारी टाकली आहे, हे प्रत्येक ग्रामसेवकाने व शेतकऱ्याने नीट समजून घेतले पाहिजे.

पूर्वी परवाना, आज बंदी

गांजाचे पीक या देशात पूर्वापार बंद होते असे नाही. 1893 साली सरकारने या विषयाच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्या वेळी शेजारच्या खांडवा भागात आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सरकारी देखरेखीखाली गांजाची लागवड होत असे. पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने मद्याबरोबर गांजावरही निर्बंध घातले. 1985 साली संसदेने गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत केला आणि तो त्याच वर्षी 14 नोव्हेंबरपासून अंमलात आला. आज या अधिनियमाप्रमाणे सरकारची रीतसर अनुमती असल्याखेरीज गांजाचे झाड लावणे हा देशभर गुन्हा आहे. आजोबांच्या काळी चालत असे, ही सबब न्यायालयात टिकत नाही.

कायदा काय सांगतो

या अधिनियमाच्या कलम 20 प्रमाणे गांजाच्या झाडाची लागवड करणाऱ्यास 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी व 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाडे एकरभर असोत की परसात दोनच असोत, लागवड ती लागवडच. तयार गांजाचे वजन 20 किलोहून अधिक भरले, तर शिक्षा किमान 10 वर्षांची असून ती 20 वर्षांपर्यंत वाढू शकते, आणि अशा प्रकरणी जामीन मिळणे अतिशय कठीण असते.

जमीन दुसऱ्यास कसण्यास देणाऱ्यांनी कलम 25 विशेष ध्यानात ठेवावे. आपल्या जमिनीचा असा उपयोग जाणूनबुजून होऊ देणाऱ्यास मूळ गुन्हेगाराइतकीच शिक्षा सांगितली आहे. कलम 54 प्रमाणे, ज्याने जमीन कसली तिच्यात गांजाची झाडे उभी सापडली, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्यानेच गुन्हा केला असे गृहीत धरता येते. ते खोटे ठरविण्याचा भार कसणाऱ्यावर पडतो.

कलम 46 व 47 तर थेट गावाला उद्देशून आहेत. आपल्या जमिनीत अशी अवैध लागवड झाली असल्यास जमीनधारकाने ती ताबडतोब कळविली पाहिजे. त्याचप्रमाणे सरकारी अधिकारी, पंच, सरपंच व कोणताही ग्रामअधिकारी यांच्या कानी अशी गोष्ट आली, तर त्यांनीही ती पोलिसांना किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या खात्यांच्या अधिकाऱ्यास विनाविलंब कळविली पाहिजे. जाणूनबुजून मौन पाळणारा जमीनधारक व कळविण्यात कसूर करणारा ग्रामअधिकारी दोघेही शिक्षेस पात्र ठरतात. गाव ज्यांना अजून तलाठी म्हणून ओळखते ते ग्राम महसूल अधिकारी, तसेच ग्रामसेवक व पोलीस पाटील यांना ‘हे काम पोलिसांचे’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

वनपट्टाधारकांस इशारा

सातपुड्यातील अनेक आदिवासी कुटुंबांना 2006 च्या वनहक्क कायद्याने कसत्या जमिनीचे हक्क मिळाले. हा हक्क वारसाने पुढील पिढीस मिळतो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. वर्षानुवर्षांच्या खटपटीने मिळालेला हा पट्टा हेच त्या कुटुंबाचे सर्वस्व होय. बाहेरगावचा कोणी मनुष्य येतो, बी देतो, खर्चास रोख रक्कम देतो व ‘माल मी उचलीन’ असे आश्वासन देतो. छापा पडतो तेव्हा मात्र हा मनुष्य शिवारात नसतो. पंचनाम्यात नाव येते ते कसणाऱ्याचे, तुरुंगात जातो तोही तोच, आणि मागे राहिलेल्या बायकामुलांना वकिलाच्या खर्चापायी बैलजोडी विकण्याची पाळी येते. नफा एकाचा व शिक्षा दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

अंबाडी की गांजा?

कर्तव्यदक्षतेच्या भरात निरपराध शेतकऱ्यावर आळ येणार नाही, याचीही काळजी घेतली पाहिजे. खानदेशात अंबाडी घरोघरी परिचित आहे आणि तिचे पान दुरून गांजासारखे दिसते. तिच्या एका जातीचे शास्त्रीय नावही या साम्यावरूनच पडले आहे. जवळून पाहिले असता फरक स्पष्ट होतो. अंबाडीच्या पानाची बोटे देठाकडे एकमेकांस जोडलेली असतात. गांजाच्या पानाची करवतकाठी पाती देठापर्यंत सुटी असतात. अंबाडीला मोठे पिवळसर फूल येते व त्याचा मध्य गडद असतो. गांजाची फुले बारीक, हिरवट व गुच्छात असून त्यांना उग्र दर्प येतो. संशय फिटत नसेल, तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यास दाखवून खात्री करावी. गावात मात्र बोभाटा करू नये.

कोणी काय करावे

संशयित झाडे दिसल्यास ती आपण होऊन उपटू किंवा जाळू नयेत, कारण तसे केल्याने पुरावाच नाहीसा होतो. शेतात एकट्याने शिरू नये किंवा तेथील माणसांशी वादही घालू नये. गट क्रमांक, बांधाच्या खुणा व दिनांक टिपून नजीकच्या पोलीस ठाण्यास कळवावे. 2024 साली सुरू झालेल्या 1933 या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावरही अमली पदार्थांविषयी माहिती देता येते. पुढील जप्ती, पंचनामा, वजन व नमुने घेणे ही कामे अधिकृत अधिकाऱ्यांनी कायद्याच्या रीतीनेच करावयाची असतात. त्यात चूक राहिली, तर खटला दुबळा होतो.

जमीन वाट्याने किंवा खंडाने दिलेल्या शेतकऱ्याने पेरणीनंतर महिन्यातून एकदा तरी स्वतः बांधावरून फिरून यावे. ई-पीक पाहणीत मका नोंदविला असेल, तर शेताच्या मधल्या ओळींतही मकाच आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.

ज्या गावांना अनुसूचित क्षेत्राचा कायदा लागू आहे, तेथील ग्रामसभेस मादक पदार्थांच्या विक्रीस व सेवनास आळा घालण्याचे अधिकार 1996 च्या पेसा कायद्याने दिले आहेत. अशा ग्रामसभेने पेरणीपूर्वीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि कायद्याची कलमे पावरा व भिल्ल बांधवांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावीत. जो मनुष्य पहिल्यांदाच आमिषाला भुलत आहे, त्याला बी मातीत पडण्यापूर्वी चार शब्द सांगता येतात. पीक उभे राहिल्यावर त्याच्याशी बोलण्याचे काम न्यायालयाकडे जाते. ग्रामसेवकाने व शेजाऱ्याने वेळेवर सांगितलेल्या त्या चार शब्दांनी एका कुटुंबाची जमीन व घरचा कर्ता पुरुष, दोन्ही वाचू शकतात.