दहातले चार एकट्या नेव्हिलचे!

ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताने आजवर किती गोल मारले असतील? फक्त दहा. १९४८ ला लंडनमध्ये एक, १९५२ ला हेलसिंकीत एक, १९५६ ला मेलबर्नमध्ये पाच आणि १९६० ला रोममध्ये तीन. त्यानंतर आपला संघ ऑलिंपिकच्या फुटबॉल मैदानावर दिसलेलाच नाही. आणि या दहापैकी चार गोल एकाच माणसाचे आहेत. नाव नेव्हिल डिसोझा. खेळायची जागा सेंटर फॉरवर्ड. मैदान मुंबईचं, मूळ गाव गोव्यात, बार्देश तालुक्यातलं आसगाव.

बडोद्याच्या मराठी घरांत क्रिकेटचे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी रचलेली ५७७ धावांची भागीदारी विचारा, आजोबा झोपेतूनही सांगतील. हजारे २८८, गुल महंमद ३१९! नेव्हिलच्या चार गोलांना मात्र असं पाठांतर कधी लाभलं नाही. म्हणून आज आघाडीच्या फळीतल्या लोकांच्या गोष्टी, आणि त्यातही सर्वांत जास्त नेव्हिलच्या.

पहिला गोल नवव्या मिनिटाला

१ डिसेंबर १९५६. मेलबर्नचं ऑलिंपिक पार्क. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत न खेळताच इथवर पोचलेला, म्हणजे स्पर्धेतला आपला हा पहिलाच सामना. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. सतराव्याला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहेतिसाव्याला पुन्हा नेव्हिल, एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि नेव्हिलचा तिसरा! शेवटी जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टूने ऐंशीव्या मिनिटाला चौथा मारला आणि ४-२ असा सामना आपल्या खिशात.

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नेव्हिलचं नाव लागलं ते या दिवशी. आणि भारत ऑलिंपिक उपांत्य फेरीत जाणारा आशियातला पहिला संघ ठरला, तोही याच दिवशी.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. या तीन गोलांचा क्रम नीट पाहा. पहिल्याने ०-० चं १-० झालं, दुसऱ्याने १-१ चं २-१, तिसऱ्याने २-२ चं ३-२. म्हणजे तिन्ही गोल आघाडी मिळवून देणारे! ४-० असताना पाचवा मारून आकडा फुगवणारे फॉरवर्ड पुष्कळ असतात. कोंडी झालेली असताना, समोरच्याचा हुरूप वाढलेला असताना दार उघडणारा एखादाच. माझ्या मते स्ट्रायकरची खरी किंमत एकूण गोलांपेक्षा असे गोल किती, यावर ठरावी.

आणि चौथा युगोस्लाव्हियाला

तीन दिवसांनी उपांत्य सामना, मैदान मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. हो, तेच एमसीजी, जिथला बॉक्सिंग डे कसोटी सामना आपण पहाटे उठून पाहतो. समोर युगोस्लाव्हिया.

या नावाशी आपला जुना हिशोब होता. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत याच संघाने भारताला १०-१ असं धुऊन काढलं होतं. त्या सामन्यात आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते, युरोपातल्या त्या गारठ्यात. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट आले. आता बूट घातलेला, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला आणि समर ‘बद्रू’ बॅनर्जीच्या नेतृत्वाखालचा संघ त्याच युगोस्लाव्हियापुढे उभा होता. पूर्वार्ध गोलशून्य. बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला आणि तो भारताचा होता. मारणारा कोण, हे सांगायला नकोच.

ती आघाडी टिकली दोन मिनिटं. मग युगोस्लाव्हियाने चार गोल चढवले, त्यातला शेवटचा तर स्वयंगोल. सामना १-४ गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं. चौथा क्रमांक, पदक नाही. पण नेव्हिलचे चारही गोल भारताला पुढे नेणारे होते, ही गोष्ट कुठल्याही पदकाइतकीच मिरवावी अशी आहे.

स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे तिघे निघाले, प्रत्येकी चार: नेव्हिल, युगोस्लाव्हियाचा टोडोर वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितार मिलानोव. गंमत अशी की उरलेल्या दोघांच्या खात्यातही भारताविरुद्धचे गोल आहेत! यातला वेसेलिनोविच पुढे युगोस्लाव्हियाचा प्रशिक्षक झाला आणि १९८४ च्या युरो स्पर्धेत संघ घेऊन उतरला.

नोकरी कंपनीत, संध्याकाळ कूपरेजवर

त्या काळात फुटबॉल हे पोट भरायचं साधन नव्हतं. ऑलिंपिक तर हौशी खेळाडूंसाठीच. मुंबईत चांगल्या खेळाडूला कंपनी नोकरी द्यायची आणि तो कंपनीच्या संघाकडून खेळायचा. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला, नंतर कॅल्टेक्स या तेल कंपनीकडून. कॅल्टेक्सने १९५८ चा रोव्हर्स कप जिंकला. धाकटा भाऊ डेरेक हाही फुटबॉलपटू, तोही भारताकडून खेळलेला.

रोव्हर्स कप ही मुंबईची शान. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा कूपरेज मैदानावर रंगायची, आणि कोलकाता-हैदराबादचे दादा संघ ती जिंकायला मुंबईत येऊन ठाकायचे. २०००-०१ नंतर ती बंद पडली. एवढी जुनी स्पर्धा बंद पडू द्यायला नको होती, हे आजही मनापासून वाटतं.

आणि हेही ध्यानात घ्या: १९५६ साली गोवा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. ज्याचं मूळ गाव पोर्तुगीज झेंड्याखाली, तो मुलगा भारताचा शर्ट घालून मेलबर्नमध्ये गोल मारत होता. आसगावच्या शेजारीच शिवोली. तिथे १८८३ साली फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी मुलांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली, आणि गोव्यातला हा खेळ तिथूनच पसरला असं मानलं जातं.

३ ऑगस्ट

नेव्हिलचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा. सुनील छेत्रीचा ३ ऑगस्ट १९८४ चा. भारताचे दोन नामांकित गोलवीर, एकच वाढदिवस!

छेत्रीने जून २०२४ मध्ये कोलकात्यात निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. मार्च २०२५ मध्ये चाळिशी ओलांडलेला छेत्री परत आला आणि मालदीवविरुद्ध शिलाँगला पंच्याण्णवावा मारून मोकळा झाला. इंडियन सुपर लीगमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला भारतीयही तोच. ती केली २०१५ मध्ये, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, मुंबई सिटीसाठी.

बुटांच्या आणि बाटल्यांच्या गोष्टी

१९३६ मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून खेळला, पायाला पट्ट्या बांधून, अनवाणी. १९५८ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या ज्युस्त फॉन्तेनचे बूट फाटले, म्हणून त्याने संघातल्या सहकाऱ्याचे उसने घेतले आणि १३ गोल ठोकले. एका विश्वचषकातला हा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही. आणि आय. एम. विजयन? त्रिशूरच्या स्टेडियमवर सोड्याच्या बाटल्या विकणारा हा पोरगा १९९९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला गोल करून बसला. २०२५ मध्ये त्याला पद्मश्री जाहीर झाली.

स्ट्रायकर नेमकं करतो काय?

गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. एवढी मोठी चौकट, तरी चेंडू बाहेर का जातो? कारण स्ट्रायकरला चौकट दिसतच नाही. त्याला दिसतात दोन बचावपटू आणि पुढे सरसावलेला गोलकीपर. पुढच्या वेळी सामना पाहताना चेंडू सोडा आणि नऊ नंबरवर नजर ठेवा. बाजूने क्रॉस येणार असं दिसलं की तो आधी उलट्या दिशेला, लांबच्या पोस्टकडे दोन पावलं टाकतो. बचावपटू त्याच्यामागे सरकतो. त्याच क्षणी हा वळून जवळच्या पोस्टकडे झेपावतो. धाव सरळ नसते, वळणाची असते, म्हणजे ऑफसाइडही होत नाही आणि चेंडूही नजरेत राहतो. सगळा खेळ दीड-दोन सेकंदांचा. असं तो सामन्यात वीस वेळा करतो, अठरा वेळा चेंडू येतच नाही. तरी एकोणिसाव्या वेळी तितक्याच ताकदीने धावायचं, हीच त्याची नोकरी.

नियम बदलला की स्ट्रायकरचं नशीबही बदलतं. १९२५ पर्यंत ऑफसाइड टाळायला पुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागायचे, ते दोनवर आले आणि इंग्लंडमध्ये गोलांचा पाऊस पडला. १९२७-२८ च्या हंगामात एव्हर्टनच्या डिक्सी डीनने लीगमध्ये ६० गोल मारले. शतक होत आलं, तिथल्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये साठाला कोणी पोचलेलं नाही.

तालमीतला फुटबॉल

बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, माणिकरावांचा वारसा आहे. कोल्हापुरात तालमी आहेत. पण कोल्हापूरच्या तालमींनी एक अजब गोष्ट केली, कुस्तीबरोबर फुटबॉलही आपल्या अंगणात घेतला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही तिथल्या फुटबॉल संघांची नावं आहेत! शाहू स्टेडियमवर पेठेविरुद्ध पेठ सामना असला की गॅलरीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि गोल मारायला या संघांनी नायजेरियाचे खेळाडूही आणले.

याच मातीतला अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक. पोरगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या आघाडीच्या फळीत खेळला. त्याच वर्षी आय-लीगमध्ये इंडियन अ‍ॅरोजच्या त्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल. पुढे जमशेदपूर, ईस्ट बंगाल, ओडिशा असे क्लब आणि २०२२ मध्ये भारताचा वरिष्ठ संघ. मधल्या काळात तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावही करून आला. या इंग्लिश क्लबचे मालक कोण? पुण्याचे कोंबडीवाले, वेंकीज! २०१० पासून.

गोव्याच्या ब्रूनो कुतिन्होलाही विसरून चालणार नाही. १९९९ ला मडगावात सॅफ चषकाच्या अंतिम सामन्यात बांगलादेशविरुद्ध भारताचे दोन गोल झाले, एक ब्रूनोचा आणि एक बायचुंग भुतियाचा. त्याच हंगामात ब्रूनोचा साळगावकर संघ राष्ट्रीय लीग जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब ठरला. ब्रूनोला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणि बडोदं? इथल्या मुलींनी वाट काढलेली आहे. बडोदा फुटबॉल अकॅडमी आणि एफसी कोल्हापूर सिटी हे दोन्ही संघ इंडियन वुमेन्स लीगमध्ये उतरलेले आहेत. गायकवाडांचं बडोदं आणि छत्रपतींचं कोल्हापूर एकाच राष्ट्रीय लीगच्या पटावर, ही बातमी आपल्याकडे याहून मोठ्या अक्षरांत छापली जायला हवी होती.

यादीत नसलेलं नाव

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. फुटबॉलमधला पहिला मानकरी पी. के. बॅनर्जी, मेलबर्नला नेव्हिलच्या शेजारी खेळलेला. दुसऱ्या वर्षी तुलसीदास बलराम, ज्याने १९६० मध्ये पेरूविरुद्ध भारताचा ऑलिंपिकमधला आजवरचा शेवटचा गोल मारला. दोघांचाही मान रास्तच. पण अर्जुन पुरस्कारांच्या यादीत नेव्हिल डिसोझाचं नाव नाही. १६ मार्च १९८० रोजी तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं ४७.

बडोद्यातल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडादिनी शाळाशाळांत प्रश्नमंजूषा होते. यंदा त्यात एक प्रश्न घाला: ऑलिंपिक फुटबॉलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण? मुलांना उत्तर आलं नाही, तर सामन्यांची मिनिटं फळ्यावर लिहून दाखवा: ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९, ३३, ५०. युगोस्लाव्हियाविरुद्ध ५२.