होडीच्या जुन्या मोटारीची अडलेली मूठ

लहान होडीच्या मागच्या फळीला जी मोटार टांगलेली असते, तिला आउटबोर्ड मोटार म्हणतात, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. इंजिन वर, पंखा पाण्यांत आणि होडी वळविण्याचा दांडा पुढें, अशी सारी रचना एकाच सांगाड्यांत बसविलेली असते. दोन स्क्रू आवळले कीं ती होडीला लागली, आणि सैल केले कीं उचलून घरीं नेतां आली. नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांत वाढलेल्या ओल एव्हिनरूड या यंत्रज्ञानें १९०९ सालीं मिलवॉकी येथें अशा मोटारींचा धंदा सुरू केला. उन्हाळ्यांत तलावापलीकडून प्रेयसीसाठीं आइस्क्रीम आणतांना वल्हीं मारून हात दुखले, तेव्हां त्यास ही कल्पना सुचली असें सांगतात. आइस्क्रीम परत येईपर्यंत वितळलें होतें, ही पुस्तीही तिला जोडण्यांत येते. गोष्ट गोड आहे खरी. मात्र डेट्रॉइटच्या कॅमेरन वॉटरमननें त्याच्या आधींच अशी मोटार विकावयास काढली होती, हेंही सांगितलें पाहिजे.

एव्हिनरूड आणि जॉन्सन हीं या धंद्यांतील दोन मोठीं नांवें पुढें एकाच कंपनीकडे आलीं. त्या कंपनीचें दिवाळें २००० सालच्या डिसेंबरांत वाजलें, नांवें दुसऱ्या मालकाकडे गेलीं, आणि २०२० सालीं एव्हिनरूड मोटारी बनणें थांबलें. परंतु मोटारी मालकांपेक्षां चिवट निघाल्या. १९५० च्या आगेंमागें बनलेल्या कित्येक मोटारी अमेरिकेंतील तलावांकांठच्या घरांत अद्याप पडून आहेत, आणि एखाद्या उन्हाळ्यांत आजोबांची मोटार नातू तळघरांतून बाहेर काढतो. पेट्रोल भरतो, दोरी ओढावयास जातो, आणि पहिलाच अनुभव असा येतो कीं वेग कमीजास्त करण्याची मूठ जागची हलत नाहीं. इंजिनांत शिरणारें हवा व पेट्रोल यांचें मिश्रण ज्या झडपेनें कमीअधिक होतें, त्या झडपेस थ्रॉटल म्हणतात. आणि हा थ्रॉटल त्या मुठीच्या ताब्यांत असतो. आज मला बोलावयाचें आहे तें या एका दुखण्याविषयीं.

मूठ बंद स्थितींत अडली, तर मोटार चालणार नाहीं, एवढेंच. पण होडी भर वेगांत असतांना ती अडली, तर प्रसंग बिकट असतो. त्या काळच्या पुष्कळ मोटारींना इंजिन थांबविण्याचें वेगळें बटणच नव्हतें. मूठ मंद गतीच्याही पलीकडे वळविली म्हणजे इंजिन थांबे. म्हणजे जी वस्तु अडली, तीच थांबविण्याची कळ! अशा घाईंत दांडा हातचा सुटला, तर पंख्याच्या ओढीनें मोटार एका बाजूस वळते, होडी एकाएकीं गिरकी घेते, चालक पाण्यांत फेंकला जातो, आणि रिकामी होडी वर्तुळांत फिरत फिरत त्याच्याच अंगावर येते. असे अपघात पुष्कळ घडले. म्हणूनच अमेरिकेंत १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांहून लहान मोटारहोडींत इंजिन तोडणारी कळ बसविलेली असेल तर, वेगानें जातांना ती दोरीनें चालकाच्या अंगाशीं जोडणें कायद्यानें आवश्यक झालें. जुन्या मोटारीस अशी कळ मुळांत नसते. तेव्हां तिच्या धन्यानें पाण्यांत उतरण्यापूर्वींच एक गोष्ट पाठ करून ठेवावी: मूठ अडली, तर चोक पूर्ण ओढावा. हवा कोंडली कीं पेट्रोल अतोनात होऊन इंजिन गुदमरतें व थांबतें. पेट्रोलची नळी काढल्यानेंही तें थांबेल, पण कार्बुरेटरच्या वाटींतील शिल्लक संपल्यावर. आणि तेवढ्यांत होडी बरेंच अंतर कापते.

आतां ही मूठ अडते कशी, हें समजण्यासाठीं मोटारीचें झांकण काढल्याची कल्पना करा. उदाहरणादाखल जॉन्सन कंपनीची १९४९ सालीं निघालेली दहा अश्वशक्तीची मोटार घेऊं. मूठ फिरविली कीं दांड्यांतून जाणारी सळई फिरते. सळईच्या आंतल्या टोंकास लहान दंतचक्र असतें. तें दुसऱ्या चक्रास फिरवितें, आणि ती गति वर चढून एका तबकडीस पोंचते. ही तबकडी कार्बुरेटरची नव्हे. ती इंजिनाच्या माथ्यावर, फ्लायव्हील नांवाच्या जड चाकाखालीं असते, आणि तिच्यावर मॅग्नेटोचीं वेटोळीं व ठिणगीची वेळ ठरविणारे पॉइंट बसविलेले असतात.

थ्रॉटलशीं ठिणगीचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. मिश्रणाला पूर्ण पेट घ्यावयास थोडा अवधि लागतो. इंजिन सावकाश फिरत असतांना तो सहज मिळतो. तें वेगानें फिरूं लागलें म्हणजे दट्ट्या माथ्यास पोंचण्याच्या बराच आधीं ठिणगी पडली पाहिजे, नाहीं तर स्फोटाचा जोर वाया जातो. तेव्हां वेग वाढवावयाचा तर ठिणगी आधीं पडणें आणि झडप अधिक उघडणें, हीं दोन्ही एकदम व्हावीं लागतात. या मोटारी रचणारांनीं दोन्ही कामें एकाच तबकडीस सोंपविलीं. तबकडी फिरली कीं पॉइंटांची जागा बदलून ठिणगी आधीं पडते. आणि तिच्या खालच्या बाजूची वांकडी कड, जिला कॅम म्हणतात, ती एका चिमुकल्या रुळास ढकलते व रूळ झडप उघडतो. सध्यांच्या मोटारींत जें काम विजेचा मेंदू करतो, तें येथें एका वांकड्या कडेवर भागविलें आहे. मला ही योजना फार मोहक वाटते.

परंतु यामुळेंच, मूठ अडली म्हणजे थ्रॉटलच अडला असें म्हणतां येत नाहीं. मूठ, सळई, दंतचक्रें, तबकडी, रूळ आणि झडप अशी ही सांखळी आहे. अडलेली कडी कोणतीही असूं शकेल, आणि मुठीवरच्या हाताला त्या सगळ्या सारख्याच भासतात. अडण्याचें कारण मात्र बहुधा साधें असतें. घरांतील शिवणयंत्र कांहीं वर्षें न वापरतां ठेविलें, तर त्यांतील तेल वाळून डिंकासारखें होतें व चाक फिरेनासें होतें. येथेंही तेंच घडतें. त्यांत खारें पाणी लागलें असेल, तर पोलाद आणि अॅल्युमिनियम जेथें एकमेकांस टेकतात, तेथें पांढरी भुकटी धरून दोन्ही धातु जखडून बसतात.

अशा वेळीं मुठीला पाना लावून जोर करणें हा सर्वांत वाईट उपाय, आणि बहुतेक लोक आधीं तोच करतात. तो जोर अडलेली कडी सोडविण्याऐवजीं सर्वांत कच्ची कडी मोडतो. ती कच्ची कडी म्हणजे त्या लहान चक्राचे दाते. थोड्याशा तेलानें व दोन दिवसांच्या धीरानें जें सुटलें असतें, त्यासाठीं मग तशीच दुसरी निकामी मोटार शोधीत हिंडावें लागतें.

पहिल्यानें स्पार्क प्लगच्या तारा काढून ठेवाव्या, म्हणजे चांचपतांना इंजिन अवचित पेटणार नाहीं. नंतर गिअरची दांडी पाहावी. या मोटारीस पुढें, न्यूट्रल व मागें असे गिअर असून, न्यूट्रलमध्यें मूठ ठराविक मर्यादेपलीकडे वळूं नये अशी अडसराची योजना मुद्दामच केलेली आहे; नाहीं तर पंख्याचा भार नसलेलें इंजिन बेफाम फिरेल. म्हणजे कित्येकदां मोटार बिघडलेली नसतेच, ती आपलें काम चोख बजावीत असते! पंखा हातानें किंचित् फिरवीत दांडी पुढच्या गिअरांत टाकावी, आणि मग मूठ फिरवून पाहावी. एवढ्यानें कोडें सुटलें, तर झांकण काढण्याचें कारण उरत नाहीं.

तरीही मूठ हलली नाहीं, तर सांखळी मधोमध तोडून पाहावी. तबकडी आणि मूठ यांमधील जोड सोडवावा, आणि तबकडी दोन्ही हातांनीं अलगद फिरवून पाहावी. ती मोकळी फिरली, तर दोष मुठीच्या बाजूचा. ती अडली, तर दांड्याकडे पाहावयास नको. झडपेची परीक्षा तर त्याहून सोपी: तिचा आंस बोटानें फिरवावा, सोडतांच स्प्रिंगनें तो टपकन् मिटला पाहिजे. रेंगाळला, तर जुन्या पेट्रोलची राळ त्यावर सांचली आहे असें समजावें; कार्बुरेटर धुण्याच्या द्रवानें ती विरघळते. झडपेचा दोष लहान म्हणून दुर्लक्षूं नये, कारण मूठ मोकळी असूनही इंजिन वेगानें धांवत राहतें तें बहुधा अशा रेंगाळणाऱ्या झडपेमुळें.

मुठीचा दोष असेल, तर गंज फोडणारें पातळ तेल सळईच्या दोन्ही टोंकांस सोडून रात्रभर थांबावें. दुसरे दिवशीं दांड्यावर कढत पाण्यांत भिजविलेलें फडकें गुंडाळावें. अॅल्युमिनियम पोलादापेक्षां अधिक प्रसरण पावतें, त्यामुळें पकड किंचित् सैल होते. पेट्रोलच्या वाफा जवळ असतांना दिवा किंवा ज्योत मात्र कदापि लावूं नये. मग मूठ सुताएवढी पुढें, सुताएवढी मागें, अशी हालवावी. एकाच दिशेस रेटूं नये.

तबकडी अडलेली असेल, तर काम जड आहे. ती इंजिनाच्या माथ्यावरील एका गोल गळ्याभोवतीं फिरते, आणि तेथील ग्रीस दगडासारखें झालेलें असतें. तिच्यापर्यंत पोंचण्यासाठीं फ्लायव्हील काढावें लागतें. तें निमुळत्या आंसावर घट्ट बसलेलें असल्यामुळें मधल्या भागास धरून ओढणारें साधन हवें. कडेस पकडून ओढलें किंवा आंसावर हातोडा मारला, तर चाक अगर आंस वांकतो. हें साधन नसेल, तर जाणत्या कारागिराकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. तबकडी सुटल्यावर गळा घासून नव्हे, पुसून स्वच्छ करावा, आणि ग्रीसचा अगदीं पातळ थर द्यावा. जाड थर पॉइंटांवर उडाला, तर ठिणगीच नाहींशी होते. प्लगच्या तारा तबकडीबरोबर हलतात, तेव्हां त्या कोठें चिमटल्या तर नाहींत, हेंही पाहावें.

सर्व पुन्हां जोडल्यावर कॅमवरील खूण पाहावी. रूळ त्या खुणेशीं आला असतां झडप नुकतीच उघडूं लागली पाहिजे. ती आधीं उघडली, तर मंद गतीस इंजिन अडखळतें. उशिरां उघडली, तर पूर्ण वेग मिळत नाहीं. ही जुळणी बिघडलेली असतांना पुष्कळ लोक कार्बुरेटरचे स्क्रू फिरवीत बसतात.

शेवटीं मोटार पाण्यानें भरलेल्या पिंपांत उभी करून चालवावी, कारण तिला थंड ठेवणारा पंप पाण्याशिवाय फिरला तर त्याचें रबरी चाक जळतें. पिंपांत वेग फार वाढवूं नये; मूठ थोडी उघडावी, मिटावी, आणि प्रत्येक वेळीं इंजिन लगेच मंद होतें कीं नाहीं, तें ऐकावें. मग मूठ शेवटपर्यंत वळवून इंजिन थांबवावें. पुन्हां सुरू करावें, आणि या खेपेस चोक ओढून थांबवावें. दोन्ही रीतींनीं तें थांबलें, म्हणजे मोटार होडीच्या फळीला लावावयास हरकत नाहीं.