क्षयरुग्णाची नोंद कशासाठी?

“आमच्या माणसाचे नाव सरकारदप्तरी कशाला?” क्षयरोगाचे निदान झाले की रुग्णाचे नातलग आम्हांस हा प्रश्न विचारतात. घरात लग्नाची मुलगी असेल तर त्यामागची काळजी आम्ही समजू शकतो. परंतु हे नाव कोणत्याही फलकावर लागत नाही. ते शासनाच्या ‘निक्षय’ प्रणालीत उपचारासाठी नोंदले जाते.

खोकला लांबला की आपल्याकडील माणूस बहुधा प्रथम खासगी दवाखान्याची पायरी चढतो. तेथे पूर्वी काय घडत असे? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईच्या झोपडपट्टीतील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगावर तब्बल ८० निरनिराळे औषधोपचार लिहून दिले होते! पुढे मे २०१२ मध्ये केंद्र शासनाने क्षयरुग्णाची नोंद बंधनकारक केली, आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्रयोगशाळा व औषधविक्रेत्यांवरही ती जबाबदारी आली. मुंबईत २०१४ पासून खासगी डॉक्टरांच्या रुग्णांना डॉक्टर न बदलता मोफत औषधे देण्याचा प्रयोग झाला. आमच्या मते कायद्याच्या धाकापेक्षा हाच मार्ग अधिक परिणामकारक आहे.

नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांतच ताप उतरतो, भूक लागते आणि रुग्ण गोळ्या सोडतो. अर्धवट उपचारातून उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात. नारायणगावी ही अडचण अधिक जाणवते. टोमॅटोच्या हंगामात आलेला मजूर हंगाम संपताच गाव सोडतो. तमाशाच्या फडातील कलावंत तर जत्रेमागून जत्रा फिरत असतो. काही वर्षांपूर्वी असाच एक मजूर आमच्याकडून निसटला. केसपेपर होता, पण त्यावर संपर्काचा क्रमांक नव्हता. तो परतला तेव्हा आजार पुष्कळच बळावला होता. ती चूक सर्वस्वी आमची होती.

नोंद झालेल्या रुग्णास दुसऱ्या गावीही मोफत औषधे मिळू शकतात. पोषणासाठीचे साहाय्यही त्याच्या बँक खात्यात जमा होते; नोव्हेंबर २०२४ पासून ते दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाले आहे. म्हणून नातलगांनी नोंदणीच्या वेळी स्वतःचा एक आणि गावाकडचा एक असे दोन दूरध्वनी क्रमांक अवश्य द्यावेत.

जमाखर्चात ‘पाठपुरावा’ या शीर्षाखाली दाखविलेली रक्कम औषधांची नव्हे. ती दूरध्वनी, पेट्रोल व घरोघरी जाणाऱ्या एका सेवकाचे वेतन यांची आहे. विश्वस्तांनी गेल्या सभेत त्याविषयी विचारणा केली होती, म्हणून हा खुलासा.