खेळापूर्वीचा खेळ

पंचाची शिटी वाजली कीं खेळास आरंभ होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. खेळाडूंचे पाय हलण्यापूर्वीं त्यांचे डोळे व त्यांची बुद्धि हीं कामास लागलेलीं असतात, आणि बाहेरून अगदीं निश्चल दिसणाऱ्या त्या चार-दोन क्षणांत पुढील पुष्कळसें ठरून जातें. आधीं योजून ठेवलेली चाल तशीच चालवावी, कीं समोरच्या पक्षाची मांडणी पाहून ती ऐन वेळीं बदलावी, हा प्रश्न त्या क्षणांत सोडवावयाचा असतो. प्रस्तुत लेखांत ह्याच प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

पडद्यावर खेळले जाणारे खेळ आतां पुष्कळ घरांत पोहोंचले आहेत. त्यांपैकीं एका खेळांत ह्या प्रश्नास इतकें महत्त्व आहे कीं, चाल बदलण्यासाठीं तेथें स्वतंत्र कळाच नेमून दिल्या आहेत. तो म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा खेळ. ह्या खेळाचे मूळ स्वरूप ध्यानांत आलें, तर आपल्या मैदानावरील खेळही अधिक चांगले समजतील, म्हणून प्रथम त्याचें वर्णन करूं.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतों त्याहून हा खेळ अगदीं निराळा आहे. चेंडू लांबट व दोन्ही टोंकांस निमुळता असतो. तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेंकावयाचा असतो. प्रत्येक पक्षाचे ११ गडी मैदानांत उतरतात. चढाई करणाऱ्या पक्षास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें जावयाचें असतें; तें साधलें तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आधीं दोन्ही पक्ष समोरासमोर रांगा धरून उभे राहतात. मग मधला गडी जमिनीवरील चेंडू आपल्या पायांमधून मागें उभ्या असलेल्या सूत्रधाराच्या हातीं देतो, आणि त्या क्षणीं सर्व मैदान एकदम हालूं लागतें. ह्या सूत्रधारास तिकडे ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात.

सूत्रधारानें फेंकलेला चेंडू झेलण्यासाठीं कांहीं गडी वेगानें पुढें धावतात. त्यांनीं वाटेल तसें धावावयाचें नसतें. प्रत्येकाची वाट आधींच ठरलेली असते: एक सरळ दूरवर जातो, दुसरा कांहीं पावलें जाऊन एकदम मागें वळतो, तिसरा तिरपा आंत शिरतो, चौथा काटकोनांत बाहेरच्या रेषेकडे वळतो. ह्यांतील मर्म असें कीं, सूत्रधार गडी जेथें आहे तेथें चेंडू फेंकीत नाहीं; गडी जेथें पोहोंचावयाचा आहे तेथें फेंकतो. पुष्कळदां गडी वळण्यापूर्वींच चेंडू हातांतून सुटलेला असतो. तेव्हां वाट दोघांसही ठाऊक असली पाहिजे, हें उघड आहे.

आतां समजा, चेंडू हातीं येण्यापूर्वीं सूत्रधारानें समोर दृष्टि टाकली, आणि नेहमींपेक्षां अधिक गडी आपल्या अंगावर धांवून येण्याच्या तयारींत आहेत असें त्यास दिसलें. अशा वेळीं दूर जाणाऱ्या गड्याची वाट पाहण्यास त्यास सवडच मिळणार नाहीं. म्हणून तो खुणेनें किंवा सांकेतिक शब्दानें एका गड्याची वाट आंखूड करतो: “दूर जाऊं नकोस, तिरपा आंत ये.” उलटपक्षीं, रक्षण करणारा गडी आपल्या माणसाच्या अगदीं छातीशीं येऊन उभा असेल व त्याच्यामागें साहाय्यास कोणी नसेल, तर तीच वाट लांब करणें फायद्याचें, कारण एकदां तो मागें पडला कीं पुढें मोकळें रान आहे. आणि रक्षक फार मागें सरून उभा असेल, तर थोडें जाऊन वळणेंच बरें. अंगावर येणारे किती, रक्षक जवळ कीं दूर, आणि मोकळी जागा कोठें, हे तीन प्रश्न काय ते त्यास त्या क्षणीं सोडवावयाचे असतात.

जॉन मॅडन ह्या प्रसिद्ध प्रशिक्षकाच्या नांवाचा संगणकावरील खेळ १९८८ सालीं प्रथम निघाला, व पुढें त्याची मालिकाच झाली. त्यांत वाट बदलण्याची रीत अशी: एक कळ दाबून आपला हेतु कळवावयाचा, ज्या गड्याची वाट बदलावयाची त्याची कळ दाबावयाची, आणि मग हातांतील छोटी दांडी हवी त्या बाजूस ढकलावयाची. दांडी पुढें ढकलली कीं गडी सरळ दूर धावणार. मागें ओढली कीं थोडें जाऊन वळणार. बाजूस नेली कीं आंत किंवा बाहेर वळणार. हें सर्व चेंडू हालण्यापूर्वीं उरकावें लागतें. जो खेळणारा केवळ बोटें भराभर चालवितो तो येथें फसतो. जो आधीं पाहतो व मग कळ दाबतो तो पुढें जातो.

हें वाचून आमच्या वऱ्हाडांतील एखादा कबड्डीपटू हंसेल व म्हणेल कीं, ह्यांत नवें तें काय? हें तर आम्ही काळ्या मातींत रोज करतों! आणि त्याचें म्हणणें खोटें नाहीं. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालीं झाली. ह्या मंडळाच्या खेळाडूंनीं १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं कबड्डीचीं व भारतीय व्यायामप्रकारांचीं प्रात्यक्षिकें जगास दाखविलीं. ज्या प्रांताची अशी परंपरा आहे, त्याच्या मुलांस ‘खेळापूर्वीचा खेळ’ शिकण्यासाठीं परदेशाकडे पाहण्याची गरज नाहीं.

कबड्डींतील चढाई घ्या. पुरुषांच्या मैदानाचें एका बाजूचें अंगण ६.५ मीटर खोल असतें. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, आणि तिच्यापुढें १ मीटरवर बोनस रेषा असते. तिच्यामागें उरतात ते केवळ १.७५ मीटर. चढाई ३० सेकंदांची. चढाई करणाऱ्यास निदान रेषा ओलांडणें प्राप्तच असतें. परंतु बोनस रेषेपर्यंत जावें कीं नाहीं, हें समोर किती गडी आहेत ह्यावर अवलंबून आहे. अंगणांत सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस गुण मिळूं शकतो. एक गडी बाद होऊन समोर पांचच उरले, कीं बोनसच्या आशेनें खोल शिरण्याची वाट व्यर्थ ठरते. तिच्यांत धोका तेवढा उरतो. मागच्या चढाईस उत्तम ठरलेली वाट ह्या चढाईस मूर्खपणाची होऊं शकते, आणि हें मध्यरेषेवर पाय ठेवण्यापूर्वींच मोजून घ्यावें लागतें.

संख्येप्रमाणेंच मांडणीही पाहावयाची असते. डावा कोपरारक्षक पुढें सरकून उभा आहे काय? मधले दोघे एकमेकांचे हात धरून आहेत, कीं सुटे आहेत? कोणाच्या पायावर भार आहे, आणि कोण टांचा उचलून झेंप घेण्याच्या बेतांत आहे? इकडे रक्षण करणारेही स्वस्थ नसतात. हा चढाईपटू कोणत्या बाजूनें शिरतो, पाय टाकतो कीं हात, हें ओळखून ते आपल्या जागा बदलतात. शेजाऱ्याच्या हाताला दिलेला नुसता दाबही तेथें सूचनेचें काम करूं शकतो. ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष ऐकूं येण्यापूर्वींच दोन्ही बाजूंनीं अशी मूक झुंज सुरू झालेली असते.

खो-खोंत तर ‘वाट’ हा शब्द अक्षरश: लागू पडतो. पाठलाग करणाऱ्या पक्षाचे आठ गडी आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून एका ओळींत बसतात. नववा उभा असतो. बचाव करणारे तीन-तीनांच्या तुकडीनें उतरतात. नियम असा कीं, पाठलाग करणाऱ्यानें मधली पाटी ओलांडावयाची नाहीं, व एकदां एका खांबाची दिशा धरली कीं वाटेंत उलट फिरावयाचें नाहीं. बचाव करणाऱ्यास मात्र दोन्ही गोष्टींची मोकळीक आहे. म्हणून तो कधीं बसलेल्या गड्यांमधून नागमोडी साखळी धरून पळतो, तर कधीं खांबाजवळच्या दोन-तीन गड्यांभोंवतीं वर्तुळ करीत राहतो. कोणती वाट केव्हां धरावी? पाठलाग करणारा एका बाजूस असतां आपण दुसऱ्या बाजूस गेलों, तर त्याच्यापासून भय नाहीं. परंतु त्या बाजूस तोंड करून बसलेला जवळचा गडी ‘खो’ मिळतांच उठून अंगावर येतो. तेव्हां पळणाऱ्याची नजर पाठलाग करणाऱ्यावर जितकी, तितकीच बसलेल्यांवर हवी. जानेवारी २०२५ मध्यें दिल्ली येथें झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकांत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले. प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे होते, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे.

ह्या तीनही खेळांचा एकत्र विचार केला असतां कांहीं नियम हातीं लागतात. पहिला असा कीं, बदलण्यासाठीं आधीं मूळ चाल पाहिजे. ज्यानें कांहींच ठरविलेलें नाहीं, तो चाल बदलीत नाहीं. तो केवळ गोंधळतो. दुसरा नियम, थोडेंच बदलावें. चतुर सूत्रधार एका गड्याची वाट वळवितो, सर्वांची नव्हे. कारण बाकीचे ठरल्या जागीं असले तरच त्या एका बदलास अर्थ असतो. तिसरा नियम, जें दिसतें तें खरेंच असेल असें मानूं नये. अंगावर येण्याचा आव आणून रक्षक ऐन वेळीं मागें सरतात. कबड्डींत कोपरारक्षक मुद्दाम गाफील उभा राहून चढाईपटूस आंत बोलावतो. समोरच्याची मांडणी हें त्याचें बोलणें आहे, आणि बोलण्यांत लबाडी असूं शकते. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा: केलेला बदल सोबत्यास कळला पाहिजे. सूत्रधारानें वाट बदलली व गड्यास खूण समजली नाहीं, तर चेंडू मोकळ्या जागेंत पडतो, किंवा शत्रूच्या हातीं जातो. अशा वेळीं जुनी, थोडी सदोष चालच बरी होती असें म्हणावें लागतें.

आणि पडद्यावरील खेळ व मैदानावरील खेळ ह्यांतील खरा भेद येथेंच आहे. पडद्यावरचा सोबती कळ दाबतांच आज्ञा पाळतो. तो दमत नाहीं, रुसत नाहीं, “मला ऐकूं आलें नाहीं” असें म्हणत नाहीं. त्याची संमति कोणी विचारीत नाहीं. मैदानावरचा सोबती हाडामांसाचा असतो. त्याला खूण आधीं शिकवावी लागते, तिचा सराव त्याच्याबरोबर घामाघूम होऊन करावा लागतो, आणि मुख्य म्हणजे आपल्या निर्णयावर त्याचा विश्वास बसावा लागतो. तो विश्वास कोणत्याही कळेनें मिळत नाहीं. पाहावें कसें व निर्णय लौकर कसा घ्यावा, हें पडदा कांहीं अंशीं शिकवूं शकेल. परंतु दुसऱ्याला बरोबर घेऊन निर्णय बदलावा कसा, हें मैदानच शिकवितें.

पालकवर्गास एवढेंच सुचवावेसें वाटतें. मूल पडद्यापुढें बसलें म्हणजे केवळ रागावून भागत नाहीं, आणि त्यास तसेंच तासन्‌तास बसूं देणें तर मुळींच हितावह नाहीं. वेळेची मर्यादा अवश्य घालावी, पण एखाद वेळीं जवळ बसून विचारावें, “बाळ, ही वाट तूं कां बदललीस?” त्याला कारण सांगतां आलें तर तो विचार करीत आहे असें समजावें, आणि सायंकाळीं ऊन उतरल्यावर त्याला तोच विचार घेऊन कबड्डीच्या अंगणांत धाडावें. कारण सांगतां आलें नाहीं, तर तो खेळत नसून नुसतीं बोटें हालवीत आहे, हें त्याचें त्यालाच कळून येईल.

विद्यार्थिमित्रहो, पुढील सामन्यांत तुम्ही अमरावतीच्या मैदानावर उतरा कीं अकोल्याच्या, शिटी वाजण्यापूर्वींचे ते क्षण फुकट दवडूं नका. समोरचे किती ते मोजा, ते कसे उभे आहेत तें पाहा, आपली ठरलेली चाल आठवा, आणि ती बदलणें भाग असेल तर आधीं शेजारच्या गड्याकडे पाहा. त्यानें मान हलविली म्हणजे मग खुशाल पाऊल टाका.