एक कमावतं, दुसरं नुसतं फिरतं

चाकूरहून एका वाचकाने विचारलं आहे: भाजी, भंगार, पाण्याचे जार वाहणाऱ्या पायडलच्या तीनचाकीत साखळी मागच्या आसापर्यंत येते, पण आसाबरोबर एकच चाक फिरतं. दुसरं आसावर मोकळं असतं. ही बनवणाऱ्याची काटकसर समजायची का?

काटकसर आहेच, पण शहाणपणाची. खळ्यावरची मळणी पाहिलेल्यांना कारण लगेच पटेल. मधल्या खांबाजवळचा, म्हणजे मेढीजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो, कडेच्या बैलाला मात्र तेवढ्याच वेळात भलामोठा फेरा मारावा लागतो. म्हणून सहसा मेढीला म्हातारा बैल आणि कडेला तरणा. वळताना चाकांचंही तेच होतं. मागच्या दोन चाकांत एक मीटर अंतर धरा. पूर्ण फेरा घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ६.२८ मीटर जास्त चालतं. गंमत अशी, की फेरा चौकाएवढा असो की अख्ख्या चाकूर गावाला वळसा घालणारा, हा आकडा हलत नाही. (दोन परिघांची वजाबाकी करून पाहा, त्रिज्या उडून जाते.) साध्या काटकोनी वळणावर हा फरक १.५७ मीटर. दोन्ही चाकं आसाला जखडली तर हा दीड मीटर कुठल्या तरी टायरला रस्त्यावर घासत काढावा लागेल, आणि भरलेली गाडी वळायचं नावच घेणार नाही.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिथे ओढणारे बैल असतात आणि चाकं आपापली मोकळी. आगगाडीत मात्र दोन्ही चाकं आसाला पक्की बसवलेली असतात. मग चाकूर तालुक्यातल्याच लातूर रोड जंक्शनवर गाड्या बिनबोभाट वळतात कशा? रुळावर टेकणारा चाकाचा भाग किंचित शंकूच्या आकाराचा असतो. वळणावर आस थोडा बाहेर सरकतो, बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर आणि आतलं बारीक भागावर धावू लागतं. फेरे सारखेच, पण अंतर कमीजास्त. एकही जादा भाग न लावता काढलेलं असं उत्तर पाहिलं की मला टोपी काढावीशी वाटते. पण ते रुळांवरच चालतं, डांबरी रस्त्यावर नाही.

रस्त्यावरचं उत्तर ज्याच्या नावावर जमा आहे तो जेम्स स्टार्ली, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा सायकल कारखानदार. त्या काळी दोघांनी शेजारी-शेजारी बसून चालवायची एक सायकल होती. डाव्याचं पायडल डाव्या चाकाला, उजव्याचं उजव्याला. जोडप्यांना ती फार आवडे. स्टार्ली एकदा मुलाला, विल्यमला, शेजारी घेऊन निघाला. पोरगं तरुण, पायात जोर बापापेक्षा जास्त. त्याच्या बाजूचं चाक पुढे धावलं, गाडी कलली आणि बाप रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपांत. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलेलं असेल, पण १८७७ मध्ये स्टार्लीने तीनचाकीला डिफरन्शियल बसवलं हे खरं. साखळी एक पेटी फिरवते. पेटीतल्या छोट्या दातेरी चाकांच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा आस. सरळ रस्त्यावर सगळं एकत्र फिरतं. वळणावर ती छोटी चाकं स्वतःभोवतीही फिरू लागतात आणि एका बाजूचे जितके फेरे कमी होतात तितके दुसऱ्या बाजूला वाढतात. व्हिक्टोरिया राणीने १८८१ मध्ये स्टार्लीच्या तीनचाक्या मागवल्या आणि त्याचं नाव पक्कं झालं.

मला मात्र ओनेसिफोर पेक्वेरबद्दल बोलायचं आहे. हा पॅरिसचा घड्याळजी. त्याने याच रचनेचं पेटंट वाफेच्या गाडीसाठी जवळजवळ अर्धशतक आधी, १८२८ च्या सुमारास घेतलं होतं. घड्याळजीला ते सुचलं यात नवल नाही. सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला फरक दाखवणाऱ्या घड्याळांत अशी दातेरी चाकं अठराव्या शतकातच बसली होती. पेक्वेरची गाडी बाजारात चालली नाही, स्टार्लीची चालली. झुडपात पडल्याची गोष्ट जशी मुलांना सांगता येते, तसा पेटंटचा कागद सांगता येत नाही, एवढाच काय तो त्याचा दोष.

मग तीनचाकीला डिफरन्शियलच का नको? एक तर वजन आणि किंमत. शिवाय ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. म्हणजे एक चाक चिखलात घसरलं की दुसऱ्यालाही घसरणाऱ्याइतकाच जोर मिळतो, अर्थात जवळजवळ शून्य. काळ्या रानात ट्रॅक्टर रुतल्यावर ड्रायव्हर डिफरन्शियल लॉक लावतो तो यासाठीच. तिसरा उपाय म्हणजे दोन्ही चाकांना एकेक फ्रीव्हील. सरळ जाताना दोन्ही ओढतात, वळताना बाहेरचं पुढे पळतं आणि आतलं ओढत राहतं. छान आहे, पण त्यात भाग वाढतात आणि गाडी पायडलने मागे घेता येत नाही.

दोन्ही चाकांना साखळी जोडून ‘ताकद दुप्पट’ करणाऱ्या जुगाडांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. दिवसभर पायडल मारणाऱ्या माणसाचे पाय सुमारे ७५ वॉट देतात. चाकं चार केली तरी ते ७५ च राहतात. म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकल रिक्षा सुधारायला घेतली तेव्हा त्यांनी गिअर बसवले, लांबलचक साखळी आखूड केली, मागच्या चाकांना ब्रेक दिले. चढावर रिक्षावाल्याला खाली उतरून ढकलावं लागू नये हा हेतू. यात वर्तमानपत्राचा मथळा होण्यासारखं काही नाही, आणि मला ते त्याचमुळे आवडतं.

उरला एक बारीक मुद्दा. चाक एकच ओढणार असेल तर कोणतं? आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते, आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी आधीच डावीकडे ओढली जाते. उजवं चाक ओढू लागलं तर ते तिला आणखी डावीकडे वळवणार. डाव्याने जोर लावला तर ही ओढ काही अंशी भरून निघते, शिवाय उताराच्या बाजूला भार थोडा जास्त असल्याने पकडही बरी. पावसाळ्यात मात्र ट्रकला जागा द्यायला साइडपट्टीवर उतरलात की डावंच चाक आधी चिखलात जातं, आणि उजवं डांबरावर असूनही कामाचं नसतं.