राज्यसत्तेचा परस्पर अंकुश

नागरिकशास्त्राच्या तासास एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, मुख्यमंत्री मोठे की न्यायाधीश?" वर्गात लगेच पक्ष पडले. एक म्हणाला, पोलीस ज्याच्या हुकमात तो मोठा. दुसरा म्हणाला, ज्याच्या निकालापुढे मुख्यमंत्र्यांसही मान लववावी लागते तो मोठा. मागच्या बाकावरून तिसरे मत आले की, कायदे करणारी विधानसभाच सर्वांहून श्रेष्ठ. तिघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता. प्रश्न मात्र चुकीचा मांडला गेला होता. इतक्यात घंटा झाली व उत्तर अपुरे राहिले. ते येथे पुरे करण्याचा विचार आहे.

राज्याची कामे मुख्यतः तीन. कायदा करणे हे विधिमंडळाचे, त्याचा अंमल करणे हे कार्यकारी मंडळाचे, आणि तंटा पडल्यास कायद्याचा अर्थ लावून निकाल देणे हे न्यायमंडळाचे. ही तिन्ही कामे एकाच हाती गेली तर प्रजेचे स्वातंत्र्य उरत नाही, असे माँतेस्क्यू या फ्रेंच ग्रंथकाराने १७४८ साली प्रतिपादन केले. परंतु हे तत्त्व समजण्यास आपणांस फ्रान्सपर्यंत जाण्याचे कारण नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, तो दोष खुद्द रघुनाथरावांकडे येऊ लागला. या अपराधास देहांत प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे शास्त्रीबोवांनी त्यांस तोंडावर सांगितले व पुणे सोडले. ही गोष्ट आपण बालपणापासून ऐकतो आणि आपली छाती अभिमानाने भरून येते. पण तिची दुसरी बाजू आपण पाहत नाही. न्याय सांगितला तो न्यायाधीशाने आणि गाव सोडावे लागले तेही न्यायाधीशासच. आरोपी गादीवर राहिला. शास्त्रीबोवांपाशी धैर्य होते. त्या धैर्यास आधार देईल अशी व्यवस्था नव्हती.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे जी राज्यव्यवस्था बसली तीत जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर हाच सारावसुलीचा प्रमुख आणि तोच जिल्हा मॅजिस्ट्रेट असे. पोलिसांवर देखरेखही त्याचीच. खालच्या पायरीवर तहसीलदारही वसुलीसोबत मॅजिस्ट्रेटचे काम पाही. ज्या अधिकाऱ्याने सारा वसूल करावयाचा, त्याच्याच पुढे आरोपी म्हणून उभे राहण्याची वेळ आली तर कुणब्याने दाद कोणाकडे मागावी? तो अधिकारी सज्जन असेलही. परंतु प्रजेचा न्याय अधिकाऱ्याच्या सज्जनपणावर सोडणे ही व्यवस्था नव्हे. म्हणूनच ही दोन कामे निराळी करा, अशी मागणी राष्ट्रीय सभा एकोणिसाव्या शतकापासून करीत आली.

घटनापरिषदेत नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकर यांनी या फारकतीचे कलम मांडले. प्रथम त्यात तीन वर्षांची मुदत होती; ती पुढे गाळण्यात आली. हेच आजचे ५० वे कलम होय. काही प्रांतांनी हे काम लवकर केले; बहुतेक देशभर ते पुरे होण्यास नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ रोजी अंमलात यावी लागली. आज तहसीलदारास कार्यकारी दंडाधिकारी म्हणतात खरे, पण शांतता राखणे इत्यादी कामांपुरतेच. अपराध ठरवून तुरुंगवास देणे हे न्यायालयाचे काम. आपल्या मोर्शीस तहसील कचेरी निराळी व न्यायालय निराळे, हे आपण रोज पाहतो. पण त्या दोन पाट्यांमागे इतका इतिहास आहे.

घटनेने केवळ कामे वाटली नाहीत, तर प्रत्येकास दुसऱ्यावर थोडा अधिकार दिला. मंत्रिमंडळास विधानसभेचा विश्वास असेल तोवरच राहता येते, आणि विधिमंडळाने मंजुरी दिल्यावाचून खर्चासाठी खजिना उघडत नाही. उलट न्यायाधीशास मंत्र्यांचा रोष झाला म्हणून काढता येत नाही, व उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन विधानसभेच्या मतावर अवलंबून नसते. तथापि न्यायाधीशही निरंकुश नाही. गैरवर्तन सिद्ध झाल्यास संसदेची दोन्ही सभागृहे मोठ्या बहुमताने त्यास दूर करण्याची मागणी राष्ट्रपतींकडे करू शकतात.

या व्यवस्थेची परीक्षा आपल्याच राज्यात झाली. त्या काळी सिमेंट सरकारी वाटपाने मिळे. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्याशी संबंधित न्यासास मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा परस्पर संबंध होता, असा निर्णय जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी दिला. मुख्यमंत्र्यांकडे पोलीस होते, विधानसभेत बहुमत होते. न्यायमूर्तींपाशी एक लेखी निकाल होता. मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. १७७३ साली न्यायाधीश गेला व सत्ताधीश राहिला. १९८२ साली न्यायाधीश आसनावर राहिला व सत्ताधीश गेला.

याच प्रकरणाचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. पुढील फौजदारी खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिला. १९८८ साली त्याच न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने तो आपला आदेश चुकला असे ठरवून मागे घेतला. कारण त्याने आरोपीचा कायदेशीर हक्क हिरावला जात होता. ज्याला सत्तेवरून उतरावे लागले त्याचाही हक्क राखला गेला! विधिमंडळासही हाच न्याय. जुलै २०२१ मध्ये विधानसभेने बारा आमदारांस एक वर्षासाठी निलंबित केले; त्या अधिवेशनापलीकडील निलंबन घटनाबाह्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी ठरविले. सभागृहास शिस्त लावण्याचा अधिकार आहे, परंतु मतदारसंघ वर्षभर प्रतिनिधीवाचून ठेवण्याचा नाही.

मग न्यायालय कधीच चुकत नाही काय? चुकते, आणि फार मोठे चुकते. आणीबाणीत हजारो माणसे खटल्यावाचून तुरुंगात होती. त्यांस न्यायालयात दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ती दारे बंद केली. तो एक म्हणजे न्यायमूर्ती खन्ना. पुढील जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांस न देता त्यांच्याहून कनिष्ठास देण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. घटना होती, कलमे होती, तरी न्यायाधीशास पुन्हा जावे लागले. मात्र ती चूक तशीच राहिली नाही. संसदेने १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही असे केले. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निर्णय रद्दबातल ठरविला. १९७६ च्या चार न्यायाधीशांत यशवंतराव चंद्रचूड होते. तो निर्णय चूक होता असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र.

यावरून माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर निघते. तिघांत मोठा कोणीच नाही, कारण तिघेही चुकणारी माणसेच आहेत. एकाची चूक दुसऱ्यास दुरुस्त करता यावी, एवढ्यासाठी ही रचना आहे. परंतु रचना आपल्या पायांनी चालत नाही. खन्नांसारखा एक जण उभा राहिला नसता, तर पुढील पिढीस दुरुस्तीसाठी धागा कोठला सापडला असता?

विद्यार्थिमित्रहो, स्नेहसंमेलनाच्या वर्गणीचा हिशेब एकाने ठेवावा व दुसऱ्याने तपासावा, असा वर्गात नियम केला की हिशेब ठेवणारा रुसतो. "माझ्यावर विश्वास नाही काय?" असे तो विचारतो. त्यास सांगावे, की विश्वास आहे म्हणूनच पैसे तुझ्या हाती दिले, आणि तो टिकावा म्हणून वही दुसऱ्याच्या हाती दिली. आज जो आपली वही न रुसता पुढे करील, तोच उद्या सत्तेच्या आसनावर बसावयास योग्य होईल.